२६.१ विरुद्ध २३.२ : एका पानभर जाहिरातीचं प्रकरण

१३ जून २०२३, मंगळवार. दारातला पेपर उचलला तर पहिल्या पानावर बातमीच नव्हती, पानभर जाहिरात होती. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे फोटो, आणि मथळा : 'राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रात शिंदे सरकार'. मजकुरात एका सर्वेक्षणाचे आकडे. मुख्यमंत्रिपदी एकनाथ शिंदे हवेत म्हणणारे २६.१ टक्के, देवेंद्र फडणवीस हवेत म्हणणारे २३.२ टक्के. पक्षांच्या रकान्यात भाजपला ३०.२ आणि शिंदेंच्या शिवसेनेला १६.२, म्हणजे युतीला एकूण ४६.४.

आमच्या इमारतीत एक निवृत्त तलाठी राहतात. जिन्यात भेटले तेव्हा त्यांच्या हातात तोच पेपर होता. म्हणाले, "आकडे मागनं वाचा हो, आधी फोटो मोजा." मोजले. दोनच. उपमुख्यमंत्री फडणवीसांचा नव्हता. आणि ज्यांच्या विचारांचा वारसा सांगत चाळीस आमदार उद्धव ठाकऱ्यांची साथ सोडून बाहेर पडले, त्या बाळासाहेब ठाकऱ्यांचाही नव्हता.

मथळ्याची चालही ओळखीची होती. २०१४ पासून भाजपचे कार्यकर्ते 'केंद्रात नरेंद्र, राज्यात देवेंद्र' ही घोषणा देत आले. तोच साचा घेऊन दुसऱ्या जागी दुसरं नाव बसवलं होतं. ज्यांनी ती घोषणा घसा बसेपर्यंत दिली असेल, त्यांना हा बदल समजायला टक्केवारीची गरज नव्हती.

नेत्याच्या लोकप्रियतेचा आकडा मतदाराला सांगण्यासाठी असतो, असा आपला समज असतो. आघाडी किंवा युतीच्या सरकारात तो बहुतेक वेळा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मित्राला ऐकवण्यासाठी असतो. महाराष्ट्रात याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं सापडणार नाही, म्हणून हे प्रकरण थोडं बारकाईनं पाहू.

आधीचे काही आठवडे

३० जून २०२२ रोजी शिंदे मुख्यमंत्री झाले. २०१९ च्या विधानसभेत भाजपचे १०५ आमदार निवडून आले होते आणि शिंदेंबरोबर त्यांच्यासह सेनेचे ४० होते. मोठ्या पक्षानं धाकट्याला मुख्यमंत्रिपद दिलं. पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेल्या फडणवीसांनी आपण सरकारबाहेर राहणार असं दुपारी जाहीर केलं आणि संध्याकाळी दिल्लीच्या सांगण्यावरून उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. हे शल्य भाजपच्या कार्यकर्त्याच्या मनात वर्षभर होतं. 'सरकार आपलं, पण मुख्यमंत्री त्यांचा' हे वाक्य तेव्हा भाजपच्या गोटात सहज कानावर पडायचं.

११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राज्यपालांचं बहुमत चाचणीचं पाऊल चुकीचं ठरलं. पण उद्धव ठाकऱ्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असंही न्यायालय म्हणालं. म्हणजे सरकार वाचलं. दोनच दिवसांनी कर्नाटकात भाजप हरला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कल्याण-डोंबिवलीत एका पोलीस अधिकाऱ्याच्या बदलीवरून भाजपच्या स्थानिक मंडळींनी खासदार श्रीकांत शिंदे यांना सहकार्य न करण्याचा ठराव केला, आणि मुख्यमंत्र्यांच्या या चिरंजीवांनी गरज पडल्यास राजीनाम्याची तयारी दाखवली. लोकसभा वर्षावर आलेली, जागावाटप व्हायचंय, मंत्रिमंडळ विस्तार रखडलाय. अशा वेळी ती जाहिरात आली.

आकडा उघडून पाहू

२६.१ आणि २३.२. फरक २.९ टक्क्यांचा. समजा हजार लोकांना विचारलं असेल, तर २६१ जणांनी शिंदे म्हटलं आणि २३२ जणांनी फडणवीस. अंतर २९ माणसांचं. एवढी माणसं लाल परीत बसवली तर पाठीमागच्या सीट रिकाम्या राहतील.

हजारांच्या नमुन्यात प्रत्येक आकडा साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, हे पेपरात अधूनमधून छापून येतं. त्यापुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दोन नेत्यांमधलं अंतर मोजताना चुकीची शक्यता याहून वाढते, कारण एकाच माणसाचं उत्तर बदललं तर एक आकडा उतरतो आणि दुसरा चढतो. हिशेब केला तर हजारांच्या नमुन्यात या दोघांमधल्या अंतराला जवळजवळ ४.३ टक्क्यांची सूट द्यावी लागते. म्हणजे २.९ ची आघाडी 'आहे' असं छातीठोक म्हणता येत नाही. ते म्हणायला निदान सव्वादोन हजार लोक हवेत, आणि तेही गणिताच्या पुस्तकातल्यासारखे, डोळे मिटून काढलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे निवडलेले. प्रत्यक्षात सर्वेक्षण करणारी पोरं गाव निवडतात, गावात वस्ती निवडतात, मग घर निवडतात. एका वस्तीतली घरं बरीचशी एकसारखीच बोलतात. त्यामुळे संख्या आणखी वाढवावी लागते. फोनवर विचारलं तर उचलणारा कोण आणि कट करणारा कोण, हा वेगळाच घोळ.

त्या आठवड्यात टीव्हीवर, चौकात, सगळीकडे २६.१ आणि २३.२ घुमत होतं. किती जणांना विचारलं, कधी, कुठल्या भागात, 'माहीत नाही' म्हणणारे किती, यावर कोणी वाद घातल्याचं मला तरी आठवत नाही. दशांश चिन्हापुढचा तो एक आकडा मोठा गुणी असतो. 'सव्वीस टक्के' म्हटलं की अंदाज वाटतो, 'सव्वीस पूर्णांक एक' म्हटलं की तागडीत तोलल्यासारखं वाटतं.

आता तेच चार आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जाहिरात करणाऱ्यांना बहुधा सगळ्यात गोड वाटलेली आणि भाजपला सगळ्यात झोंबलेली गोष्ट तिथे आहे. शिंदेंच्या पक्षाला १६.२, शिंदेंना २६.१. म्हणजे पक्षाच्या एकूण एक समर्थकानं त्यांचं नाव घेतलं असं धरलं तरी जवळजवळ दहा टक्के बाहेरून आले. उलट भाजपला ३०.२ आणि फडणवीसांना २३.२. म्हणजे विचारलेल्या एकूण लोकांपैकी निदान सात टक्के असे, ज्यांना भाजप हवा होता, पण मुख्यमंत्री म्हणून त्यांनी फडणवीसांचं नाव घेतलं नाही. कोणाचं घेतलं हे जाहिरातीत लिहायची गरजच नव्हती, वाचणाऱ्यानं ते आपोआप जोडलं. 'तुमच्या घरातलीच माणसं आमच्या ताटात जेवतात' असं चार आकड्यांत सांगून झालं होतं.

यात एक गंमत सोयीस्करपणे बाजूला राहते. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं नाव अशा प्रश्नाला पटकन तोंडात येतं. गावात कोणालाही 'मुख्यमंत्री कोण हवा' विचारा. ज्याला राजकारणात रस नाही तो जो आहे त्याचंच नाव घेतो. एसटीवर, सातबाऱ्याच्या पोर्टलवर, दवाखान्याच्या भिंतीवर त्याचाच फोटो असतो. हा खुर्चीचा लाभ. २०१८ मध्ये हाच प्रश्न विचारला असता तर तो लाभ फडणवीसांना मिळाला असता. आणि एक बेरीज : २६.१ अधिक २३.२ म्हणजे ४९.३. उरलेल्या ५०.७ टक्क्यांनी दोघांपैकी कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. त्या निम्म्या महाराष्ट्राबद्दल त्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही.

तीन दिवस

त्याच मंगळवारी कोल्हापुरात 'शासन आपल्या दारी'चा कार्यक्रम होता. शिंदे-फडणवीस दोघेही जाणार होते. फडणवीस गेले नाहीत. कान दुखतोय, डॉक्टरांनी विमानप्रवास नको सांगितलाय, असं कारण कळलं. कान खरोखरच दुखत असेल. पण महाराष्ट्रानं त्या कानदुखीचे अर्थ लावायचे ते लावले.

शिवसेनेकडून मंत्री शंभूराज देसाई पुढे आले. जाहिरात पक्षानं दिलेली नाही, कोणा हितचिंतकानं दिली, असा खुलासा त्यांनी केला. राज्यभरच्या पेपरांची पहिली पानं विकत घेणारा हितचिंतक ज्याला लाभतो, त्याचा हेवाच वाटावा. भाजपच्या बाजूनं राज्यसभेतले खासदार अनिल बोंडे यांनी बेडूक कितीही फुगला तरी हत्ती होत नाही, असं सुनावलं. त्यावर बुलढाण्याचे सेनेचे आमदार संजय गायकवाड यांनी त्याच तारेत उत्तर दिलं. ठाकरे गटानं बाळासाहेबांच्या गायब फोटोवर बोट ठेवलं. तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी जाहिरातीची यथेच्छ खिल्ली उडवली. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा.

बुधवारी, १४ जूनला, पुन्हा पानभर जाहिरात आली. यावेळी फोटोंची गर्दी. मोदी, अमित शहा, बाळासाहेब, आनंद दिघे, शिंदे आणि त्यांच्या बरोबरीनं फडणवीस. शिवाय सेनेचे नऊ मंत्री. आकडे होतेच, पण त्यांची मांडणी पालटली होती. आदल्या दिवशी दोघांची वजाबाकी छापली होती, आज बेरीज. युतीला किती, केंद्रात-राज्यात एकाच युतीच्या 'डबल इंजिन' सरकारला पसंती किती, मोदींच्या नेतृत्वावर विश्वास किती. लोकांचं मत एका रात्रीत बदललेलं नव्हतं. बदललं होतं ते त्यातलं काय दाखवायचं, हे. सर्वेक्षणाच्या विद्यार्थ्याला मी हे दोन दिवसांचे पेपर शेजारी ठेवून वाचायला देईन.

गुरुवारी पालघरच्या कार्यक्रमात दोघं एका व्यासपीठावर दिसले. हा फेविकॉलचा जोड आहे, तुटणार नाही, असं शिंदे म्हणाले. आपली मैत्री जुनी आहे आणि एका जाहिरातीनं हलावं इतकं हे सरकार तकलादू नाही, असा फडणवीसांचा सूर होता. जाहिरातीचा विषय तिथे संपला. निदान कॅमेऱ्यापुरता.

मग २ जुलै आला. पहिल्या जाहिरातीनंतर बरोबर एकोणीस दिवस. खिल्ली उडवणारे विरोधी पक्षनेते त्याच सरकारात उपमुख्यमंत्री म्हणून दाखल झाले. २६.१ आणि २३.२ च्या वादात ज्यांचं नाव कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, ते तिसरे भागीदार झाले. भाजपला शिंदेंखेरीज दुसरा मराठा चेहरा मिळाला आणि सभागृहातली गणितं सैल झाली. हे जाहिरातीमुळे घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, त्याची बोलणी आधीपासून चालली असणार. पण जाहिरातीनं मित्राला जो दम भरायचा होता, त्यातली हवा मात्र गेली.

विचारलं काय आणि ऐकलं काय

इथे एक फरक सांगून पुढे जातो, कारण आपल्याकडे तो नेहमी पुसला जातो. अमेरिकेत गॅलप या सर्वेक्षण संस्थेची माणसं १९३० च्या दशकापासून एकच साधा प्रश्न विचारत आले : अध्यक्ष आपलं काम ज्या रीतीनं करताहेत ते तुम्हाला पसंत आहे की नाही? यात दुसरं नाव नाही, स्पर्धा नाही. कामाचं मूल्यमापन आहे, आणि तोच प्रश्न वर्षानुवर्षं विचारल्यामुळे चढ-उतार दिसतो. 'मुख्यमंत्री म्हणून कोण हवा' हा वेगळा प्रश्न आहे. त्यात शिंदेंचं काम आवडूनही एखादा फडणवीसांचं नाव घेईल. आपल्या मथळ्यांत दोन्हींना सर्रास 'लोकप्रियता' म्हणतात.

कामाला पसंती मिळाली म्हणजे पुढची निवडणूक खिशात, असंही नसतं. थोरले जॉर्ज बुश १९९१ मध्ये आखाती युद्ध जिंकल्यावर गॅलपच्या मोजणीत ८९ टक्क्यांवर होते. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना ३७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि ते घरी गेले. युद्धाबद्दल शाबासकी दिली, पण मत देताना लोकांना पगार आणि नोकऱ्या दिसत होत्या.

आपल्याकडचं उदाहरण याहून वेगळं आणि मला जास्त बोलकं वाटतं. करोनाच्या काळात उद्धव ठाकरे देशातल्या पसंतीच्या मुख्यमंत्र्यांच्या याद्यांमध्ये वरच्या नावांत असत. जून २०२२ मध्ये त्यांचं सरकार पडलं तेव्हा जनतेला कोणी काही विचारलंच नव्हतं. आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला गेले, आणि सरकार पडलं. संसदीय पद्धतीत मुख्यमंत्र्याला टिकवतात ते १४५ आमदार. त्या आमदारांना आपला नेता लोकप्रिय आहे असं वाटत राहणं, एवढाच त्या टक्केवारीचा उपयोग. ही गोष्ट शिंदेंइतकी जवळून कोणी पाहिली असेल? २०२३ ची जाहिरात त्यांच्या गोटातून का निघावी, याचं उत्तर मला तिथे सापडतं. चाळीस आमदारांच्या बळावर मुख्यमंत्री झालेल्याला आपल्यामागे चाळीसांपेक्षा जास्त काहीतरी आहे हे सतत दाखवत राहावं लागतं. त्यांच्या आमदारांनाही पुढच्या तिकिटाची धास्ती होतीच. १४ तारखेच्या जाहिरातीत नऊ मंत्र्यांचे फोटो का आले, तेही यातून उलगडतं.

मोजणीचे दिवस

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्राच्या ४८ पैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७, सांगलीची एक अपक्षाला. भाजप २८ जागा लढवून ९ वर आला. शिंदेंनी १५ लढवून ७ आणल्या. दुसऱ्या दिवशी फडणवीसांनी जबाबदारी घेत सरकारमधून मोकळं करण्याची विनंती पक्षश्रेष्ठींना केली. सेनेच्या गोटात मात्र नवा आकडा फिरू लागला : स्ट्राइक रेट, म्हणजे लढवलेल्या शंभर जागांमागे जिंकलेल्या किती. आमचा ४७, तुमचा ३२. हाही आकडा मतदाराला सांगून काही उपयोगाचा नव्हता. तो विधानसभेच्या जागावाटपाच्या टेबलासाठी होता.

२८ जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण आली. महिन्याला १५०० रुपये, आणि ऑगस्टात रक्षाबंधनाच्या आधी दोन हप्ते एकदम खात्यात. पुढे लाभ घेणाऱ्या बायका दोन कोटींच्या वर गेल्या. या योजनेनं सरकारबद्दलचं मत बदललं हे मान्य करायला मला आकड्यांची गरज वाटली नाही. बँकेबाहेर आधार लिंक करायला लागलेली रांग पुरे होती. पण श्रेय कोणाचं? योजनेच्या नावातच 'मुख्यमंत्री' होतं. अर्थमंत्री अजित पवारांच्या पक्षानं आपल्या प्रचारात तो शब्द गाळला, आणि सेनेच्या मंत्र्यांनी त्यावर मंत्रिमंडळात आक्षेप घेतला. पुन्हा जाहिरात, पुन्हा मित्रपक्ष. फक्त यावेळी टक्क्यांऐवजी एका शब्दावरून.

२३ नोव्हेंबर २०२४. महायुती २३० च्या घरात. भाजप दीडशेच्या आसपास जागा लढवून १३२, शिंदेंची सेना ५७, अजित पवारांचे ४१. आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून पन्नाशीही गाठू शकले नाहीत. या विजयात शिंदेंच्या नावाचा वाटा नव्हता असं त्यांचा विरोधकही म्हणणार नाही. अडीच वर्षं ते खुर्चीवर होते आणि योजना त्यांच्या पदाच्या नावानं होती. सेनेचे नेते बोलूनही दाखवत होते की निवडणूक शिंदेंच्या नेतृत्वाखाली लढली, तेव्हा मुख्यमंत्री तेच.

इथे जून २०२३ चा प्रश्न पुन्हा तसाच्या तसा समोर आला. मुख्यमंत्री कोण हवा? फक्त यावेळी तो जनतेला विचारला गेला नाही. १३२ ला बहुमतासाठी १३ कमी पडत होते, आणि अजित पवारांचे ४१ हाताशी होते. म्हणजे सेनेचे ५७ नसते तरी सरकार बनत होतं. ५७ चं वजन त्या क्षणी उतरलं, आणि लोकप्रियतेचं त्याच्या सोबत. २७ नोव्हेंबरला शिंदेंनी ठाण्यात पत्रकारांना सांगितलं की मोदी-शहा घेतील तो निर्णय मान्य, आणि 'लाडका भाऊ' ही ओळख आपल्याला पदाहून मोठी. मग ते साताऱ्याकडे दरे गावी गेले. तब्येत बरी नसल्याचं सांगितलं गेलं. मला उगाच फडणवीसांचा कान आठवला. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि शिंदेंनी उपमुख्यमंत्रिपदाची.

सप्टेंबर २०२५ मध्ये, गणेशोत्सव सरता सरता, पेपरांमध्ये पुन्हा पानभर जाहिराती झळकल्या. छत्रपती शिवरायांच्या चरणी फुलं वाहणारे मुख्यमंत्री फडणवीस, आणि शब्द एकच : 'देवाभाऊ'. जाहिरात देणाऱ्याचं नाव कुठे नव्हतं, त्यामुळे पैसे कोणी भरले यावर विरोधकांनी काही दिवस रान उठवलं. जिन्यात तलाठी भेटले, हातात पेपर होताच. "यंदा टक्केच नाहीत," म्हणाले, "आणि फोटो मोजायचीबी गरज नाही."